ज्यांच्या नावावर सातबारा नाही त्यांची गारपीट

2025 च्या फेब्रुवारीत गुलमर्गला मोठा अवघड प्रसंग उभा राहिला. 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धांचा काश्मीरमधील टप्पा 22 ते 25 फेब्रुवारी या दिवसांत व्हायचा होता. तारखा जाहीर झाल्या होत्या. उणीव होती ती फक्त बर्फाची. उतारांवर पुरेसा बर्फ नसताना स्कीच्या स्पर्धा घेणे म्हणजे कोरड्या नदीत नावांची शर्यत लावण्यासारखे होते. स्पर्धा पुढे ढकलण्यात आल्या. महिनाअखेरीस हिमवर्षाव झाला आणि 9 ते 12 मार्च या दिवसांत त्या यथासांग पार पडल्या. निसर्गाने वेळ चुकवली म्हणून माणसांनी आपली वेळ बदलली. यात कोणाची चूक नव्हती आणि कोणावर टीका करण्याचेही कारण नव्हते.

निलंग्याच्या आठवडी बाजारात ही बातमी कोणी मोठ्याने वाचून दाखवली असती तर ऐकणाऱ्यांनी ती परदेशची म्हणून सोडून दिली असती. लातूर जिल्ह्याच्या या दक्षिणेकडील तालुक्याचा स्कीशी संबंध तो काय? एकीकडे मांजरा, दुसरीकडे तेरणा, पलीकडे कर्नाटकाचा बीदर जिल्हा, आणि मध्ये तूर, हरभरा, ज्वारी, सोयाबीन पिकवणारी काळी जमीन. परंतु गुलमर्गचा उतार आणि निलंग्याचे शिवार यांना जोडणारी एक वस्तू आहे, आणि ती म्हणजे वारा. भूमध्य समुद्राच्या बाजूने हिवाळ्यात पूर्वेकडे सरकत येणारे जे पश्चिमी चक्रावात काश्मीरवर बर्फ टाकतात, त्यांचाच प्रभाव कधीकधी दक्षिणेकडे दख्खनपर्यंत पोहोचतो. बंगालच्या उपसागरावरून आणि अरबी समुद्रावरून आलेली दमट हवा त्याच वेळी येथे असली, आणि फेब्रुवारी-मार्चच्या उन्हाने जमीन तापलेली असली, म्हणजे दुपारनंतर ढग उभेच्या उभे चढू लागतात. पाण्याचा थेंब गोठणरेषेच्या वर फेकला जातो, त्यावर बर्फाचे थरावर थर चढतात, आणि वर उचलणाऱ्या वाऱ्याला तो भार पेलेनासा झाला की तो खाली कोसळतो. काश्मीरमध्ये जे हळुवार पिसासारखे उतरते, ते मराठवाड्यात दगडासारखे आदळते. एकाला हिम म्हणतात, दुसऱ्याला गार.

गुलमर्गचा एक दिवस आज मराठी मध्यमवर्गाच्या चांगल्या परिचयाचा झाला आहे. महाराष्ट्रातून काश्मीरला जाणाऱ्या पर्यटकांची संख्या मोठी आहे, आणि सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत गुलमर्ग नाही असे क्वचितच घडते. सकाळी श्रीनगरहून निघालेली मोटार टंगमर्गला थांबते. तेथे भाड्याचे गमबूट आणि भाड्याचे लांब कोट अंगावर चढतात. वर सुमारे 2650 मीटर उंचीवरील त्या मैदानात पोहोचल्यावर गोंडोलाची रांग लागते. तिचा पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत 1998 साली सुरू झाला, दुसरा अफरवतच्या कड्यापर्यंत 2005 साली. ज्यांना स्की येते ते वरून खाली येतात. ज्यांना येत नाही, आणि मराठी पर्यटकांत असेच बहुसंख्य, ते लाकडी स्लेजवर बसतात. स्लेज उतारावर आपोआप घसरते, पण ती चढावर नेण्याचे काम माणूस करतो. कमरेला वा खांद्याला दोर लावून, एका धडधाकट पाहुण्याला बर्फातून ओढत नेणारा तो मनुष्य दिवसातून अनेकदा तोच चढ चढतो. छायाचित्रात मात्र तो सहसा येत नाही, आलाच तर पाठमोरा.

स्कीइंग हा उमदा खेळ आहे, याविषयी वाद नाही. तोल, धैर्य आणि हिमाची पारख या तिन्ही गोष्टी त्याला लागतात. ताजा भुसभुशीत बर्फ, दुपारी वितळून रात्री पुन्हा गोठलेला कठीण थर, वाऱ्याने एका बाजूला लोटलेला ढीग, यांतील भेद ओळखता आला नाही तर जिवावर बेतते. 2023-24 च्या हिवाळ्यात तो धडा फार जवळून मिळाला. 21 डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा जो कडाक्याचा काळ काश्मिरी लोक 'चिल्लई कलान' म्हणून ओळखतात, त्याचा बराच भाग कोरडा गेला. जानेवारीत गुलमर्गच्या उघड्या मैदानाची छायाचित्रे देशभर प्रसिद्ध झाली. पुढे फेब्रुवारीत मोठा हिमवर्षाव झाला, आणि 22 फेब्रुवारीला झालेल्या हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा मृत्यू झाला. वेळेवर न आलेला बर्फ नंतर एकदम आला तर तो सुख घेऊन येतोच असे नाही. शिवाय त्याचा संबंध खेळापुरता नाही. ऐन थंडीत पडलेला बर्फ डोंगरावर टिकतो आणि उन्हाळ्यात झेलमच्या खोऱ्यातील भाताला व सफरचंदाच्या बागांना पाणी पुरवतो. उशिरा पडलेला लवकर वाहून जातो.

बर्फ न पडलेल्या त्या जानेवारीत कोणाचे काय झाले? ज्यांनी सहल ठरवली होती त्यांनी ती रद्द केली किंवा उघड्या मैदानावर घोड्यावरून फेरी मारून ते परतले. हॉटेलांच्या खोल्या रिकाम्या राहिल्या. त्यांचे नुकसान खरे होते, पण हॉटेलाला बँकेत पत असते आणि एक हंगाम बुडाला तरी इमारत उभी राहते. स्लेज ओढणाऱ्याजवळ स्लेज आहे आणि दोर आहे. हिवाळ्याच्या दोन-अडीच महिन्यांत मिळालेल्या पैशावर त्याला वर्षाचा बराच भाग काढायचा असतो. त्याची नोंदणी असली, छातीवर क्रमांकाचा बिल्ला असला, तरी तो बिल्ला काम करण्याचा परवाना आहे. काम न मिळाल्यास भाकरी देण्याचा करार नव्हे. न पडलेल्या बर्फाचा पंचनामा कसा करणार? तेथे पडून सडलेले पीक नसते, मेलेले जनावर नसते, मोडलेले घर नसते. केवळ रिकामा दिवस असतो, आणि रिकाम्या दिवसाचे माप सरकारच्या कोणत्याच फूटपट्टीने घेता येत नाही.

इथून निलंग्याला यायला वेळ लागत नाही.

2014 च्या फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला गारपिटीने झोडपले. एकदा पडून ती थांबली नाही. पुन्हा पुन्हा आली. लातूर जिल्हा तिच्या तडाख्यात होता आणि निलंगा तालुकाही. हा सुगीचा काळ. कुठे हरभरा काढून ढीग लावलेले, कुठे गहू पिवळा पडून कापणीला आलेला, कुठे ज्वारीची कणसे खुडायची राहिलेली. गारांच्या माऱ्याने उभी ज्वारी आडवी झाली, घाट्यांतला हरभरा मातीत मिसळला, आंब्याचा मोहोर आणि कैऱ्या झाडाखाली पसरल्या, कडबा भिजून काळा पडला. पाखरे मेली, जनावरे मेली, माणसेही दगावली. शिवारे पांढरीशुभ्र झाली. तेव्हा काश्मीरची उपमा अनेकांच्या ओठांवर आली. मराठवाड्यातच काश्मीर अवतरले, असे म्हणण्याचा मोह शहरी माणसाला आवरत नाही. ज्याच्या ताटात त्या दिवशी गारेने भोक पाडले त्याला ही उपमा कशी वाटली असेल, हे विचारण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

मदत झाली नाही असे म्हणता येणार नाही. लोकसभा निवडणुकीची घोषणा 5 मार्चला होऊन आचारसंहिता लागू झाली होती, त्यामुळे निवडणूक आयोगाची अनुमती घेणे भाग पडले. तरीही राज्य सरकारने मार्च महिन्यातच सुमारे चार हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. कोरडवाहू पिकाला हेक्टरी 10 हजार, बागायतीला 15 हजार, फळबागेला 25 हजार, आणि मर्यादा दोन हेक्टरांची. उत्पादनखर्चाशी तुलना केली तर ही रक्कम तोकडीच होती. परंतु तिच्या तोकडेपणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. तिच्या दिशेविषयी फार थोडे. हेक्टर हे माप एकदा ठरले की ज्याच्याजवळ हेक्टर आहे त्याच्यापर्यंतच ते पोहोचणार.

पंचनाम्याचा कागद डोळ्यांपुढे आणावा. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक गावात येतात. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, पीक, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी. पूर्वी निम्मे पीक गेल्याशिवाय मदत मिळत नसे. 2015 साली ही अट 33 टक्क्यांवर आली, हे योग्यच झाले. पण या साऱ्या रकान्यांत एक नाव कोठेच बसत नाही. त्या शेतात पेरणीपासून खुरपणीपर्यंत वाकलेली आणि काढणीच्या मजुरीवर डोळे लावून बसलेली जी मजूर स्त्री आहे, तिचे ते नाव. पीक गेले म्हणजे काढणी गेली, आणि काढणी गेली म्हणजे तिचे कामाचे दिवस गेले. अनेक गावांत ज्वारीच्या काढणीची मजुरी अजूनही काही अंशी धान्याच्या रूपाने दिली जाते. तेव्हा तिचे नुकसान दुहेरी होते. हाती पैसा येत नाही आणि पावसाळ्यापर्यंत पुरणारी ज्वारीही घरात येत नाही.

तिच्याच पंक्तीत बटईने शेत करणारा बसतो. बियाणे त्याचे, घाम त्याचा, उधारी त्याची, सातबारा दुसऱ्याचा. बटईचा व्यवहार बहुधा तोंडी असतो, कारण कुळाचा हक्क लागेल या भीतीने मालक तो कागदावर येऊ देत नाही. मदतीची रक्कम खातेदाराच्या बँकखात्यात जमा होते. मालक सज्जन असला तर त्यातला वाटा बटईदाराला मिळतो. सज्जनपणा ही मोठी गोष्ट आहे, पण तिच्यावर सरकारी योजना उभारता येत नाही. आणि सालगडी? त्याचे साल गुढीपाडव्याला संपते आणि गुढीपाडव्यालाच नवे ठरते. 2014 साली पाडवा 31 मार्चला होता, म्हणजे गारांचा मारा थांबल्यावर जेमतेम दोन आठवड्यांनी. ज्याची सुगी मातीत गेली तो शेतकरी नवा गडी कशाच्या बळावर ठेवणार, आणि उचल कशातून देणार? अशा सालगड्याला मागच्या उचलीचा हिशेब आणि पुढच्या वर्षाची चिंता एकाच दिवशी गाठते. लातूरच्या या भागातून हैदराबाद-पुण्याकडे कामासाठी जाणाऱ्या गाड्या काही हौसेने भरत नाहीत.

केंद्राच्या आपत्तिनिवारण निधीचे निकष वाचले तर या व्यवस्थेचा स्वभाव स्पष्ट होतो. 2022 मध्ये ठरलेल्या दरांत कोरडवाहू जमिनीला हेक्टरी साडेआठ हजार, दुभत्या म्हशीला साडेसदतीस हजार, आणि कोंबडीला नगामागे शंभर रुपये आहेत. कोंबडीचा दर असावाच; गरिबाच्या घरची ती ठेव असते. पण गारांनी मेलेल्या कोंबडीचा हिशेब ज्या तक्त्यात नगावर होतो, त्याच तक्त्यात गारांनी गेलेल्या मजुरीचा मात्र वेगळा दर नाही. एक कलम आहे. ज्या कुटुंबांची उपजीविका आपत्तीने गंभीरपणे बाधित झाली असेल, त्यांतील दोन प्रौढ व्यक्तींना रोजगार हमीच्या मजुरीच्या दराने काही दिवस साह्य देण्याची तरतूद त्याच निकषांत आहे. तिच्यासाठी राज्याने ती कुटुंबे निश्चित करून द्यावी लागतात. आणि इथेच गोम आहे. महापुरात घर वाहून गेलेले, छावणीत आलेले कुटुंब सर्वांना दिसते. गारपिटीनंतरचा भूमिहीन मजूर आपल्या घरातच असतो, त्याचे छप्पर बहुधा शाबूत असते, आणि तो कोणाच्याही यादीत येत नाही. तरतूद कागदावर निजून राहते.

महाराष्ट्राने हे ओळखले नव्हते असे नाही. उलट साऱ्या देशाच्या आधी ओळखले होते. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या विचारातून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, 1977 साली तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. मागेल त्याला पंधरा दिवसांत काम, न दिल्यास बेकारी भत्ता. तिच्या खर्चासाठी 1975 च्या कायद्याने व्यवसाय कर बसवण्यात आला, म्हणजे शहरातील पगारदाराने खेड्यातील बिनकामाच्या हातांसाठी दरमहा काही द्यावे असे ठरले. आज गुलमर्गला भाड्याचा कोट चढवणारा मराठी नोकरदार त्या कराच्या रूपाने निलंग्याच्या मजुराशी जोडलेला आहे. आपल्या पगारपत्रकातील त्या छोट्या वजावटीचे मूळ कोठे आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते, एवढेच. 2005 साली संसदेने देशासाठी असा कायदा केला त्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

मात्र ती कल्पना दुष्काळाच्या चालीवर बेतलेली होती. दुष्काळ पावलापावलाने येतो. नक्षत्रे कोरडी जातात, विहिरी तळ गाठतात, आणेवारी जाहीर होते, मोर्चे निघतात. मग कामे निघतात. गार पंधरा मिनिटांत येते. तिच्या मागे विहिरी भरलेल्याच असतात, जमीन ओलीच असते, नकाशावर कोठेही टंचाई दिसत नाही. कागदोपत्री सर्व ठीक असलेल्या गावात त्याच आठवड्यात काम सुरू करायचे तर त्याचा आराखडा आधीपासून तयार असायला हवा, आणि तो नसतो. विम्याच्या बाबतीत आपण घाई शिकलो आहोत. पीकविम्याच्या योजनेत गारपिटीची सूचना 72 तासांत द्यावी, असा दंडक घालण्यात आला. शेतकऱ्याने 72 तासांत धावावे आणि मजुराच्या कामाचा आदेश 72 दिवसांतही निघू नये, हा कोणता न्याय?

यावर एक आक्षेप हमखास येतो. शेतकऱ्यालाच पुरेसे मिळत नाही, तेथे मजुराचा वाटा मागणे म्हणजे दोघांत भांडण लावणे, असे म्हटले जाते. आक्षेप प्रामाणिक असतो, पण तो निलंग्याच्या वस्तुस्थितीशी जुळत नाही. एक-दोन एकरांचा शेतकरी सकाळी स्वतःच्या रानात आणि दुपारी दुसऱ्याच्या रानात राबतो. त्याची पत्नी बहुधा पूर्ण वेळ मजूर असते. त्याच्या दोन एकरांच्या नुकसानीची भरपाई हेक्टरच्या हिशेबाने हाती येते तेव्हा ती एका हंगामाच्या मजुरीइतकीही भरत नाही. मजुरीचा दर पंचनाम्यात आला तर सर्वांत आधी लाभ होईल तो अशा कुटुंबालाच. वाटा कमी होईल तो कोणाचा, तर ज्यांची जमीन मोठी, विहिरी भरलेल्या आणि खाती अनेक नावांवर विभागलेली आहेत त्यांचा. आणि मदतीच्या चर्चेत छोट्या शेतकऱ्याचे नाव पुढे करून बोलणारे बहुधा तेच असतात.

आणखी एक गोष्ट मदत घेणाऱ्याच्या मानाची. 2018 च्या फेब्रुवारीत पुन्हा गारपीट झाली. त्या वेळी मराठवाड्यात पंचनाम्यासाठी शेतकऱ्यांच्या हाती नाव व गट क्रमांक लिहिलेली पाटी देऊन त्यांची छायाचित्रे काढण्यात आली. पोलीस ठाण्यात आरोपीची काढतात तशी ती दिसली, आणि महाराष्ट्रभर संताप उसळला. तो रास्तच होता. मात्र त्या पाटीवर लिहायला गट क्रमांकच नसल्यामुळे जे त्या रांगेत उभेही राहू शकले नाहीत, त्यांच्यासाठी कोणाला संताप आला नाही. अपमान व्हायलाही सातबारा लागतो, अशी ही स्थिती होती.

गुलमर्गच्या स्लेजवाल्याची आणि निलंग्याच्या मजूर स्त्रीची भेट होण्याचा योग नाही. दोघांची भाषा वेगळी, धर्म बहुधा वेगळा, राजकारण तर फारच वेगळे. एकाचा रोज बर्फ न आल्याने बुडतो, दुसरीचा तो नको तेव्हा आल्याने. आकाशाच्या लहरीवर दोघांचेही पोट आहे आणि दोघांच्याही हाती मालकीचा कागद नाही. हिवाळी स्पर्धा दोन आठवडे पुढे ढकलता येतात, तशी सुगी ढकलता येत नाही आणि चूलही.

करण्यासारखे जे आहे त्यासाठी नवे खाते काढावे लागणार नाही. पंचनाम्याला जाणाऱ्या तिघांत ग्रामसेवक असतोच, आणि गावात रोजगार हमीवर काम मागितलेल्या कुटुंबांची नोंद ग्रामपंचायतीतच असते. गट क्रमांकांच्या यादीबरोबर या कुटुंबांची यादी त्याच दिवशी ग्रामसभेत वाचून दाखवावी. कोणाच्या शेतावर किती जणींची किती दिवसांची काढणी ठरली होती हे गावात सर्वांना ठाऊक असते. बटईदाराचे नाव मालकाच्या समक्ष, पण कुळहक्काचा प्रश्न न काढता, केवळ त्या हंगामापुरते लिहून घ्यावे. निकषांतील उपजीविकेच्या कलमाखाली ही यादी जिल्हाधिकाऱ्यांकडे जावी. बांधबंदिस्ती, पाणंद रस्ते, गाळ काढणे यांची मंजूर कामे प्रत्येक गावाने जानेवारीतच तयार ठेवावीत, कारण गारांचा मोसम फेब्रुवारीत सुरू होतो आणि पाडवा त्यानंतर लगेच येतो.